कुणालाच वाचता न येणारा खेळ

जुसिलेने फारियासला एका गोष्टीचा भारी अभिमान होता, आणि तोच तिला भोवला. ओळखपत्रांच्या कचेरीत ती सोळा वर्षं खिडकीवर बसत होती. समोरच्या माणसाला लिहितावाचता येतं की नाही हे त्याने तोंड उघडायच्या आत तिला कळायचं. अशी माणसं अर्ज जरा जास्तच जपून हातात घेतात, मग खिसे चाचपतात आणि चष्मा घरी राहिला म्हणून सांगतात. जुसिलेने त्यांना कधी लाजवायची नाही. "मी सगळ्यांनाच वाचून दाखवते हो, नियमच आहे तसा," असं ठोकून द्यायची. असा नियम कुठेही नव्हता. सहीच्या जागी अंगठा घेताना ती मासळीच्या भावाचं काहीतरी बोलत राहायची, म्हणजे माणसाचं लक्ष शाईकडे जाऊ नये. खिडकीवर ती इतकी शहाणी होती. घरी तिचे डोळे कुठे गेले होते कोण जाणे.

तिचे वडील देओदातो कुंभार. ब्राझीलमधल्या इकोआरासीत पाराकुरीच्या गल्लीत त्यांचं चाक चाळीस वर्षं फिरलं. रांजणावर ते माराजो बेटावरची जुनी नक्षी कोरायचे, पायऱ्या, चौकटी, आत आत वळत जाणाऱ्या रेघा. हातात ना पट्टी ना पेन्सिल, तरी रांजणाला फेरी घालून आलेली रेघ पहिल्या रेघेला बिनचूक भेटायची. बाकीचे कुंभार भांड्याच्या बुडाशी नाव कोरत. देओदातो छोटा मासा काढत. कुणी विचारलंच तर म्हणत, "नाव कुणीही लिहील, मासा काढून दाखवा." लोक हसत आणि विषय तिथेच संपे.

जुसिलेने आठ वर्षांची असताना मानाउसच्या बोटीवरचा एक खलाशी दोन रांजण घेऊन गेला आणि बदल्यात टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम देऊन गेला. बरोबर कॅसेट एकच, आणि तीही जपानी. खेळात एक नावाडी गावोगाव फिरायचा. कुणी भेटलं की पडद्याच्या खाली काळी चौकट उघडायची आणि तीत मुंग्यांची रांग लागावी तशी जपानी अक्षरं उमटायची. पहिल्याच गावात पांढऱ्या दाढीचा म्हातारा भेटला, चौकट उघडली, आणि पोरीने विचारलं, "बाबा, काय म्हणतोय तो?"

देओदातोंनी डोळे बारीक केले, घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. म्हातारा म्हणत होता, "अरे ए, माझी शिडी नेलीस ती आधी आणून दे, राक्षसाचं मग बघू." गल्लीतल्या नोनातोची शिडी खरोखरच तेव्हा फारियासांकडे पडून होती आणि तो रोज दारात येऊन ओरडत असे. जुसिलेने हसून हसून लोळली. मग काय, गाडी सुटलीच. गुहेतली चेटकीण नावाड्याची सासू निघाली आणि जावयाने मीठ जास्त घातलं म्हणून त्याच्यावर विजा टाकू लागली. बेटावरचा रक्षक पारा प्रांताच्या राजधानीतल्या कारकुनासारखा "उद्या या, साहेब नाहीत" म्हणू लागला. शेवटी, नावाडी जिच्या शोधात होता ती बुडालेली घंटा वर निघाली तेव्हा राजाने नावाड्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "फार झालं आता, घरी जा, मासा निवतोय." आई ओर्लांदीना चुलीशी मासा तळत हे सगळं ऐकायची. ती हसायची, पण कधी एक अक्षर बोलली नाही.

संध्याकाळी खिडकीत पोरांची दाटी होई. औषधवाल्याचे दोघे मुलगे फी भरून चांगल्या शाळेत जात, ते एरवी कुंभारवाड्यात पाऊल टाकत नसत. तेसुद्धा गजांना धरून उभे राहत आणि विचारत, "काका, पुढे काय लिहिलंय?" देओदातो त्यांना जरा ताटकळत ठेवत, आणि मग वाचत.

पुढे पोर मोठी झाली, बाबा जपानी वाचत नव्हते, मनचंच सांगत होते हे तिला कळलं, ती नोकरीला लागली. खेळ फळीवर गेला. ओर्लांदीना वारली. देओदातोंची बोटं थरथरायला लागली आणि एक दिवस त्यांनी चाकावर गोणपाट टाकलं ते काढलंच नाही. दिवसभर ओसरीवर बसून राहत, विचारलं तर हं म्हणत, न विचारलं तर तेही नाही. जुसिलेनेच्या काळजाला हे लागायचं. लग्न तिने केलं नव्हतं, घरात दोघंच. या माणसाने आपल्याला इतकं हसवलं, आता हा हसत नाही, याचं काहीतरी केलं पाहिजे, हे तिने मनात घट्ट धरलं.

तिने फळीवरचा खेळ उतरवला, पुसला, जुना टीव्ही शोधून जोडला. तो चालूही झाला. देओदातोंनी थोडा वेळ नावाड्याला इकडेतिकडे फिरवलं आणि चौकट उघडली तेव्हा बटणं खाली ठेवली. "आता नीट दिसत नाही पोरी," एवढंच म्हणाले. जुसिलेनेने त्यातून काय अर्थ काढावा? की बिचाऱ्याने आयुष्यभर परक्या अक्षरांवर दिवस काढले, आता एकदा तरी तो खेळ त्याला आपल्या भाषेत वाचायला मिळाला पाहिजे. इथेच सगळं चुकलं. पण तेव्हा तिला वाटलं, आपल्याला फार सुंदर कल्पना सुचली आहे.

जुने खेळ उघडून त्यांत आपली भाषा भरणारी मंडळी ब्राझीलभर आहेत. त्यांच्या चावडीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या त्यांच्या जागेवर, जुसिलेने दबकत शिरली. तिथे दक्षिणेकडचा एक निवृत्त वायरमन होता. तो स्वतःला ताटू म्हणवून घ्यायचा आणि नवख्यांना आधी चार शिव्या देऊन मग शिकवायचा. त्याने सांगितलं की कॅसेटमधला खेळ संगणकावर उतरवला की ती आकड्यांची लांबच लांब माळ असते, त्यात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. कुठला आकडा कुठल्या अक्षराचा याचा तक्ता आधी कर, मग एकेक वाक्य बदल. पण जेवढी जागा तेवढंच लिही, बाहेर सांडू देऊ नकोस.

तिने अर्थातच सांडलं. पहिल्याच रविवारी उत्साहाच्या भरात लांबलचक वाक्य भरलं, ते पुढच्या आकड्यांवर गेलं आणि नावाडी गावाच्या वेशीत जो अडकला तो हलेना. शिवाय नक्कल न करता मूळ खेळावरच हात चालवला होता, त्यामुळे मागे जायची वाटही राहिली नाही. ताटूने तिची चांगलीच हजेरी घेतली. मूळ प्रत वेगळी ठेवायची, तिला बोट लावायचं नाही, जे करायचं ते नकलेवर, एवढं ज्याला कळत नाही त्याने विणकाम करावं, असं त्याने लिहिलं. जुसिलेनेने मुकाट्याने ऐकलं आणि कुठूनतरी दुसरी प्रत मिळवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कचेरीतून आली की जेवण करून ती त्यावर बसे. असं दीड वर्ष गेलं.

त्या दीड वर्षातले तीन दिवस मात्र दोघांचे होते. खेळात पोर्तुगीज अक्षरं नव्हती. डोक्यावर नागमोडी रेघ असलेला आ नव्हता, पोटाखाली शेपटी असलेला स नव्हता. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ चौकटींत बसवून काढायचं होतं, आणि जुसिलेनेचा हात असल्या कामात अगदीच गेलेला. तिने चौकटींचा कागद वडिलांसमोर ठेवला आणि कसं हवं ते छापील पुस्तकात दाखवलं.

देओदातो बऱ्याच महिन्यांनी ताठ बसले. "ह्याला ही शेपटी कशाला?" त्यांनी विचारलं.

"त्याशिवाय आवाज बदलतो, बाबा."

"असं होय," म्हणून ते शेपटी भरू लागले. कोणतं अक्षर कोणाच्या शेजारी जास्त वेळा येतं हे त्यांनी खोदून खोदून विचारलं, कारण शेजारच्या रेघा एकमेकींना भेटल्या पाहिजेत. हात कापत होता, पण चौकट भरायला कापरा हातही चालतो. तीन दिवसांत त्यांनी सगळी अक्षरं काढली, आणि काय काढली! रांजणावरची नक्षीच जणू पडद्यावर उतरली. फक्त एक अक्षर आरशात पाहावं तसं उलटं काढलं होतं आणि ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. वयामुळे होतं असं, म्हणून जुसिलेनेने न बोलता ते सरळ करून घेतलं. खिडकीवर बसणाऱ्या बाईने.

आता शिडीचं. वाक्यं भरायला घेतल्यावर खरा मजकूर काय आहे ते तिला कळलं, कारण दुसऱ्या कुणी त्याचं आधीच इंग्रजी केलेलं होतं. म्हातारा शिडीचं बोलतच नव्हता. हा कंदील उत्तरेच्या देवळात पोचव, एवढंच तो म्हणत होता. चेटकीण कुणाची सासू नव्हती. राजा माशाचं बोलत नव्हता, तो राज्याच्या शांततेवर भाषण करत होता. जुसिलेनेला हे थोडं कसंसंच वाटलं. तिने ताटूला विचारलं, निदान म्हाताऱ्याच्या तोंडी शिडी ठेवली तर चालेल का, माझे वडील तसं वाचायचे.

ताटूने कळवलं की आपल्या चावडीवर असल्या माणसांची टिंगल होते. जे लिहिलंय ते आणायचं, स्वतःचे विनोद घुसडायचे नाहीत. वडिलांचं नाव पाहिजे तर सुरुवातीच्या पडद्यावर घाल, तेवढी रीत आहे. जुसिलेनेला तोवर त्या लोकांत मान मिळू लागला होता, चार जण तिचं काम वाखाणू लागले होते. तिने शिडी काढून टाकली आणि कंदील ठेवला. सुरुवातीच्या पडद्यावर, खेळाच्या नावाखाली, वडिलांनीच काढलेल्या अक्षरांत तिने लिहिलं, "माझे वडील देओदातो फारियास यांना."

काम संपलं तेव्हा तिने रविवारी जेवण केलं. तळलेला मासा, असाईच्या फळांचा गर, फरीन्या म्हणजे कसाव्याचा भरडा. शेजारच्या झुईलामावशीला बोलावलं, ती ओर्लांदीनाची जिवाभावाची मैत्रीण. मावशीबरोबर तिची सून मारिनाल्वा आली, ती प्राथमिक शाळेत शिकवते. जेवणं झाल्यावर जुसिलेनेने टीव्ही ओसरीवर आणला, वडिलांना खुर्ची दिली आणि खेळाची बटणांची पेटी त्यांच्या हातात ठेवली. तिला आनंदाने धड उभंही राहवत नव्हतं.

पहिला पडदा आला. देओदातो पुढे वाकले. त्यांनी बोट पडद्याजवळ नेलं आणि दुसऱ्या ओळीखालून हळूहळू सरकवलं, ओल्या मातीवरून सरकवावं तसं. "हे मी," ते म्हणाले. चेहरा इतका उजळला होता की झुईलामावशीने डोळे पुसले, असं ती नंतर सांगायची. त्यांचं बोट आडनावापर्यंत पोचलं आणि पडदा बदलला. हा पडदा चारच सेकंद थांबतो, मग खेळ आपोआप पुढे जातो, जपान्यांनी तो तसाच केलेला आहे.

"गेलं," देओदातो म्हणाले.

"जाऊ द्या हो बाबा, ते नुसतं नाव आहे. खरी गंमत पुढे आहे," असं म्हणून जुसिलेनेने त्यांना बटणं दाबायला लावली. नावाडी गावात शिरला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा भेटला, चौकट उघडली. "वाचा ना मोठ्याने. आता आपल्या भाषेत आहे."

देओदातोंनी खिसा चाचपला. चष्मा आत राहिलाय म्हणाले. आणि ती, सोळा वर्षं हेच वाक्य ऐकलेली बाई, धावत आत गेली आणि चष्मा घेऊन आली. वरून स्वतः त्यांच्या नाकावर बसवला.

सगळे वाट बघत होते. देओदातोंनी डोळे बारीक केले, घसा खाकरला आणि जुन्या आवाजात म्हणाले, "अरे ए, माझी शिडी नेलीस ती आधी आणून दे..."

"नाही काका," मारिनाल्वा म्हणाली. तिच्या मनात काहीही वाईट नव्हतं, शाळेत दिवसभर ती हेच करते. "कंदील लिहिलंय. हा कंदील उत्तरेच्या देवळात पोचव."

देओदातो पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, बटणांची पेटी मारिनाल्वाच्या मांडीवर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "मग तूच वाच, बाई." ते उठले आणि मागच्या अंगणातून चाकाच्या खोपट्यात गेले. टीव्हीवर म्हातारा चौकट उघडी ठेवून उभाच होता.

झुईलामावशी जुसिलेनेला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. "तुला खरंच ठाऊक नव्हतं?" तिने विचारलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ओर्लांदीनाने ओल्या मातीच्या पाटावर गिरवून घेऊन त्यांना नाव तेवढं काढायला शिकवलं होतं, बँकेत आणि पुढे मुलांच्या शाळेत मान खाली जाऊ नये म्हणून. त्यापुढे त्यांनी शिकायचं नाकारलं. अख्ख्या गल्लीला हे माहीत होतं. "आम्हाला वाटायचं तुलाही माहीतच आहे आणि तू त्यांची अब्रू राखतेयस," मावशी म्हणाली. जुसिलेने ओट्याला टेकून उभी होती. तिला मासा, मुंग्यांची रांग, उलटं अक्षर, सगळं एकदम आठवलं आणि रडूही येईना.

ती खोपट्यात गेली तेव्हा देओदातो गोणपाट टाकलेल्या चाकाशी बसले होते. "बाबा, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत नव्हतं तेच बरं होतं."

ती त्यांच्याजवळ खाली बसली. मग तेच म्हणाले, "औषधवाल्याची पोरं आठवतात? शिकलेली. तीही विचारायची, काका पुढे काय लिहिलंय. त्या एका खेळात कुणालाच वाचता येत नव्हतं, पोरी. तिथे मी सगळ्यांच्या बरोबरीचा होतो. जरा पुढेच होतो म्हण."

ती म्हणाली, मी सगळं बदलते, तुमचं होतं तसं करते, तुम्ही फक्त सांगा. ते म्हणाले, "नको. शिकून केलंयस. चांगलं झालंय. असू दे." आणि त्यात राग असता तर तिला परवडला असता. राग नव्हता. कचेरीतल्या माणसाशी बोलावं तसं ते तिच्याशी नमून बोलत होते.

नंतर तिने काय काय नाही केलं. दर रविवारी वही घेऊन बसायची. चेटकीण मिठाचं काय म्हणाली होती? रक्षकाच्या साहेबाचं नाव काय होतं? देओदातोंचं उत्तर ठरलेलं होतं, "काय लिहिलं असेल ते असेल." एकदा तिने मुळाक्षरांचं पुस्तक आणलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, फळीवर नीट ठेवलं आणि म्हणाले, "आता कुणाला वाचून दाखवायचंय?" पुढच्या वर्षी ऑक्टोबरातल्या सिरियोच्या उत्सवाआधी पंधरा दिवस ते झोपेतच गेले.

मूळ प्रतीला बोट लावायचं नाही, हा धडा ताटूने तिला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. तिने तो कॅसेटपुरता घेतला. तिची मूळ प्रत वडिलांच्या तोंडात होती आणि तिची नक्कल कुणीच करून ठेवली नव्हती.

तिचं भाषांतर आता पुष्कळ लोक खेळतात. चावडीवर सगळ्यांत जास्त वाखाणणी अक्षरांची होते. ताटूने एकदा विचारलं की अक्षरं कुणी काढली, जो कुणी आहे त्याचं अख्खं आयुष्य अक्षरांत गेलेलं दिसतंय. जुसिलेनेने लिहिलं, "माझ्या वडिलांनी. ते कुंभार होते." त्यापुढचं तिला लिहिता आलं नाही.

घरी तिची एक वेगळी प्रत आहे, ती तिने कुणाला दिलेली नाही. तीत तिने वडिलांची वाक्यं आठवतील तेवढी भरली. चारशेच्या वर चौकटी, आठवल्या अकरा. शिडी, मीठ, साहेब नाहीत, मासा निवतोय, आणि अशाच काही. बाकीच्यांत काय लिहावं ते तिला सुचेना, स्वतःचं काही घालायला हात धजेना. त्या तिने कोऱ्याच ठेवल्या. नावाडी गावोगाव फिरतो, माणसं भेटतात, काळी चौकट उघडते आणि तीत काहीच नसतं.

आणखी एक गोष्ट तिने त्या प्रतीत केली. त्या लांब माळेतला, पहिल्या पडद्याचे चार सेकंद मोजणारा आकडा शोधायला तिला दोन महिने लागले. सापडला तेव्हा तिने तो मोजायचाच बंद केला. रविवारी जेवण झाल्यावर ती ओसरीवर खेळ लावते आणि वडिलांच्या खुर्चीशेजारी बसते. पडद्यावर त्यांचं नाव असतं, आणि आता ते आपोआप जात नाही. बोट हळूहळू आडनावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत न्यायचं म्हटलं तरी पुरेल, इतका वेळ ते तिथे असतं.